आपल्या साक्रिस्तींतील जुन्या वस्तू व त्यांची पारख

ज्युबिलीचें वर्ष आलें म्हणजे चर्चला नवा रंग लागतो, फरशी बदलते, विजेचे नवे दिवे येतात, आणि साक्रिस्तींतील काळवंडलेलें मोठें कपाट "आतां हें कशाला?" असें म्हणून कोणी तरी अंगणांत काढून ठेवतो. दोन दिवसांनीं तें कपाट तेथें नसतें. विचारलें तर उत्तर मिळतें कीं, एक सद्गृहस्थ आले होते, त्यांनीं तें नेलें आणि बदल्यांत एक लोखंडी कपाट, तेंहि अगदीं कोरें, देऊन गेले. सगळ्यांना आनंद होतो. आपल्या किनाऱ्यावरच्या चर्चमधून जेवढें सामान लढायांत गेलें नसेल, तेवढें अशा आनंदाच्या तयारींत गेलें असेल असें आम्हांस वाटतें.

धर्मग्रामाच्या स्थापनेचा, धर्मगुरूंचा व संघांचा इतिहास या स्मरणिकेंत इतरांनीं लिहिला आहे. आमच्या वांट्यास आलेल्या पानांत आम्ही वस्तूंचा इतिहास सांगणार आहों. जुनें लाकूड, हस्तिदंत व धातु यांची पारख कशी करावी, तशा वस्तू विकत घेतांना माणूस कोठें फसतो, आणि त्या विकण्याचा अधिकार कोणास आहे व कोणास नाहीं, एवढाच आमचा विषय.

पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें, आणि १५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा याच्याशीं झालेल्या तहानें वसई त्यांच्याकडे आली. जहाजांतून घरचें सामानसुमान आणण्यास जागा थोडी. इकडे येऊन पाहावें तर लोक जमिनीवर बसणारे. उंच पलंग, पाठीची खुर्ची, खणांचें कपाट असल्या वस्तूंची सामान्य घरांत गरजच नव्हती. तेव्हां आकार पोर्तुगालचा, लाकूड या देशाचें आणि हात इथल्या सुताराचा, असा मेळ बसला. लिन्स्कोटेन नांवाचा डच गृहस्थ १५८३ ते १५८८ पर्यंत गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरीं चिटणीस होता. त्याचें प्रवासवर्णन १५९६ सालीं छापलें गेलें. त्यांत गोव्याच्या कारागिरांच्या गल्ल्यांची हकीकत येते, आणि त्या कारागिरांत हिंदूंचा भरणा मोठा होता हें त्यावरून स्पष्ट होतें.

ही गोष्ट धर्माधिकाऱ्यांस रुचत नव्हती. १५६७ सालीं गोव्यास भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेनें असा निर्बंध घातला कीं, ख्रिस्ती लोकांनीं मूर्ति, क्रूस, चषक इत्यादि पवित्र वस्तू ख्रिस्तेतर कारागिरांकडून करवून घेऊं नयेत. प्रघात असल्यावांचून असा निर्बंध कोणी घालीत नाहीं. आणि निर्बंध झाल्यावरहि काम कोणाच्या हातचें होतें, याची साक्ष वस्तूच देतात. सतराव्या शतकांतील गोव्याचें जें खणांचें कपाट पोर्तुगीज भाषेंत 'कोंतादोर' म्हणून प्रसिद्ध आहे, त्याचे पाय पाहावे. पुष्कळदां ते अर्धे मनुष्य व अर्धे सर्प, म्हणजे आपल्या ओळखीचे नाग व नागिणी, असे कोरलेले असतात. कोठें पक्षी असतो, कोठें सिंह. वरचा भाग सागाचा, त्यांत आबनुसाचे व हस्तिदंताचे बारीक तुकडे बसवून एकमेकांना छेदणाऱ्या वर्तुळांची नक्षी, आणि कोपऱ्यांवर जाळीदार कापलेल्या, सोन्याचें पाणी दिलेल्या तांब्याच्या पट्ट्या. असें कपाट लिस्बनच्या किंवा लंडनच्या संग्रहालयांत पाहिलेल्या माणसास तें दुरूनहि ओळखतां येतें. कांहीं भाविकांस ते नागिणीचे पाय पाहून संकोच वाटतो. संकोचाचें कारण नाहीं. भार वाहणारी म्हणून जी आकृति त्या सुताराला लहानपणापासून ठाऊक होती, ती त्यानें भाराखालीं घातली. जुन्या गोव्यांत बों जेझू बासिलिकेंत संत फ्रान्सिस झेवियर यांचें पवित्र शरीर ज्या चांदीच्या पेटींत आहे, ती १६३६-३७ सालीं गोव्यांतच घडली. इटालियन घडण व हिंदी हात यांचा जो संगम तींत झाला आहे, त्यानें तिचें पावित्र्य कमी झालें असें आजवर कोणी म्हटलेलें नाहीं.

आपल्या वसई प्रांताची गोष्ट थोडी निराळी आहे. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या सैन्यानें वसईचा किल्ला घेतला आणि दोनशें वर्षांची पोर्तुगीज वसई संपली. किल्ल्यांतील फ्रान्सिस्कन, जेसुइट, डोमिनिकन यांच्या चर्चच्या भिंती आज उभ्या आहेत, परंतु त्यांतील वेद्या, पेटारे, खुर्च्या यांपैकीं तेथें कांहींहि नाहीं. घंटांचा मात्र माग लागतो. नाशिकास गोदावरीकांठीं नारोशंकराच्या देवळांत टांगलेली मोठी घंटा वसईच्या विजयाची म्हणून प्रसिद्ध आहे व तिच्यावर १७२१ हा आंकडा आहे. भीमाशंकराच्या देवळांतहि अशी घंटा आहे. ज्यांनीं ती जपली, तीन शतकें वाजविली, त्यांच्याविषयीं आम्हांस मनांत किल्मिष बाळगण्याचें कारण दिसत नाहीं. घंटा भट्टींत वितळून तिची तोफ होण्यापेक्षां हें पुष्कळ बरें. परंतु एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. घंटेवर आंकडा होता म्हणून तिचें मूळ सांगतां येतें. कपाटावर, खुर्चीवर, पेटाऱ्यावर बहुधा आंकडा नसतो. त्यांना जागेवरून हलविलें कीं त्यांचें मूळ सांगणारें कोणी उरत नाहीं.

गोव्यांतहि उलथापालथ झालीच. जेसुइटांना १७५९ सालीं पोर्तुगीज राज्यांतून घालविण्यांत आलें. १८३४ सालीं पोर्तुगालनें पुरुषांचे सर्व धार्मिक संघ मोडून टाकले, तो हुकूम पुढच्या वर्षीं गोव्यांत अंमलांत आला. ऑगस्टिनियनांच्या मोठ्या चर्चचें छत १८४२ सालीं कोसळलें. मठांतील सामान चर्चमध्यें गेलें, चर्चमधलें घरांत गेलें, आणि घरांतलें बाजारांत. म्हणून आज बाजारांत "हें फलाण्या मठांतलें" असें सांगणारा विक्रेता नेहमींच खोटें बोलतो असें नाहीं. परंतु त्याला तें माहीत असण्याचा संभव फार थोडा.

आतां पारख. लाकडाची पारख करूं इच्छिणाऱ्यानें प्रथम वस्तूच्या दर्शनी बाजूकडे पाहूंच नये. दर्शनी बाजू कोणीहि सजवितो. खण पुरता बाहेर काढून त्याचा तळ पाहावा, कपाटाची पाठ पाहावी, खुर्चीच्या बैठकीखालीं हात घालावा. पूर्वीं दोन माणसें मोठ्या करवतीनें ओंडका कापीत, त्यामुळें फळीवर करवतीच्या खुणा सरळ व कमीजास्त अंतरावर उमटत. यंत्राची चक्री करवत गोल फिरते, तिच्या खुणा धनुष्यासारख्या वांकलेल्या असतात. तशा खुणा ज्या फळीवर आहेत ती सतराव्या शतकांतील असूं शकत नाहीं. हातरंध्यानें रंधलेली फळी डोळ्यांस सपाट दिसते, पण बोटांच्या टोकांस तिच्यावर हलक्या लाटा लागतात. एकाच फळीची जाडी दोन टोकांस वेगळी भरते. लाकूड आडवें आकसतें, उभें जवळजवळ आकसत नाहीं. त्यामुळें दोनशें वर्षांचें वाटोळें मेज दोरीनें मोजलें तर एका अंगानें किंचित् कमी भरतें. जें अगदीं तंतोतंत वाटोळें आहे, त्याचें वय विक्रेत्यानें वाढविलें आहे असें खुशाल समजावें.

खिळे पाहावे. लोहाराच्या हातचा खिळा चौकोनी अंगाचा व ओबडधोबड डोक्याचा असतो. तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. मळसूत्री खिळा, म्हणजे स्क्रू, जुना असला तर त्याचें टोंक बोथट असतें व डोक्यावरची खांच मधोमध नसते. टोंकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास आला. परंतु एक नवा स्क्रू सांपडला म्हणून सबंध कपाट खोटें ठरवूं नये. आमच्या कपाटांना दर पिढीस एका सुतारानें हात लावलेला असतो, आणि दुरुस्ती ही कांहीं फसवणूक नव्हे. एका खुणेवर निकाल न देतां पांचसहा खुणा एकाच दिशेनें बोट दाखवितात कीं नाहीं हें पाहावें.

झीज ही सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे, कारण ती खोटी करणाराला वापरणाराची संवय ठाऊक नसते. खुर्चीच्या पुढल्या आडव्या दांड्यावर टांचा टेकून टेकून तो वरून झिजतो. मागचा झिजत नाहीं. हाताची दांडी जेथें पंजा टेकतो तेथें गुळगुळीत होते. खण ज्या पट्टीवर सरकतो ती पट्टी व खणाची खालची कड दोन्ही झिजतात, आणि एकमेकांशीं जुळून झिजतात. सर्वत्र सारखी झीज दिसली तर ती काचकागदाची. पूजावस्त्रें ठेवण्याचा साक्रिस्तींतील लांब व बुटका पेटारा घ्या: त्याच्या वरच्या फळीची पुढील कड, जेथें धर्मगुरू मिस्सेचीं वस्त्रें चढवितांना उभे राहातात, तेथें मधोमध मऊ झालेली असते. ती कड एखाद्या मुंबईच्या दिवाणखान्यांत नेऊन ठेवली तर कोणास काय सांगेल?

लाकडांतील किड्यांच्या भोंकांविषयीं लोकांत मोठी समजूत आहे कीं, भोंकें असलीं म्हणजे वस्तु जुनी. किडा नव्या लाकडासहि लागतो. तो बाहेर पडतांना वाटोळें छिद्र करतो, पण आंत नागमोडी वाट पोखरतो. ती वाट पन्हळासारखी उघडी पृष्ठभागावर दिसली तर समजावें कीं किडा लागल्यानंतर लाकूड कापलेलें आहे, म्हणजे जुन्या लाकडाची ही नवी वस्तु आहे. हल्लीं फसवणुकीचा हाच मोठा मार्ग. जुने वाडे पडतात, त्यांच्या सागाच्या तुळया निघतात, आणि त्या तुळयांचे 'पोर्तुगीज पेटारे' होतात. लाकूड खरोखरच दीडशें वर्षांचें, पेटारा गेल्या वर्षीचा. अशा पेटाऱ्यांत कांहींहि काम नसलेल्या जुन्या खांचा बुजविलेल्या सांपडतात, नव्यानें कापलेली कड उजळ निघते, आणि ती लपविण्यास आंतूनहि काळें पॉलिश चोपडलेलें असतें. जुना सुतार खणाच्या आंत पॉलिश करण्यांत वेळ दवडीत नसे. दुसरा मार्ग म्हणजे लग्न लावण्याचा: वरचें कपाट एका ठिकाणचें, खालची घडवंची दुसऱ्या ठिकाणची. पाठ फिरवून पाहिली कीं दोघांचें लाकूड व सांधे जुळत नाहींत.

शिसवी लाकडाच्या भरगच्च कोरीव खुर्च्यांविषयींहि दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण आपल्याकडे पुष्कळ घरीं व चर्चमध्यें त्या आहेत व त्यांना सरसकट 'पोर्तुगीज' म्हणतात. त्यांपैकीं बहुतेक एकोणिसाव्या शतकांतील मुंबईच्या आहेत. फोर्टमधील मेडो स्ट्रीट, जिला आज नगीनदास मास्टर मार्ग म्हणतात, ती अशा शिसवी सामानासाठीं प्रसिद्ध होती. द्राक्षवेली, पानें, पक्षी यांनीं एक बोटभर जागा मोकळी न ठेवणारें तें काम इंग्रज व पारशी घराण्यांसाठीं होत असे. वसई पडल्यानंतर शंभर वर्षांनीं झालेली खुर्ची वसईच्या किल्ल्यांतली कशी असेल? तरीहि ती खुर्ची टाकाऊ नव्हे. तिला तिच्या खऱ्या नांवानें जपावें.

एक खूण मात्र आपल्या लोकांस विशेष जिव्हाळ्याची वाटेल. पेटाऱ्यास तीन कुलपांचीं भोंकें दिसलीं तर तो बहुधा संघाच्या किंवा चर्चच्या पैशांचा पेटारा होय. तीन किल्ल्या तीन निराळ्या माणसांकडे असत, आणि तिघे एकत्र आल्यावांचून तो उघडत नसे. 'चावी' हा आपला शब्दहि पोर्तुगीजांकडूनच आला आहे. व्यापारी अशा पेटाऱ्याचीं दोन भोंकें बुजवितात, कारण गिऱ्हाइकाला एकच कुलूप सोयीचें वाटतें.

हस्तिदंताच्या मूर्तींचें प्रकरण नाजूक आहे. पूर्व आफ्रिकेंतून येणारा हस्तिदंत गोव्यास कोरला जाई व मूर्ति युरोपांत जात. कांहीं येथें राहिल्या. गोव्याची खास मूर्ति म्हणजे उत्तम मेंढपाळ: डोंगरासारख्या चढत्या आसनावर बाळ येशू गालाला हात लावून, डोळे मिटून बसलेला, भोंवतीं मेंढरें, आणि पायथ्याशीं गुहेंत संत मरिया माग्दालेना. खऱ्या हत्तीच्या दंतावर, जेथें तो आडवा कापला गेला आहे तेथें, म्हणजे मूर्तीच्या तळाशीं, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. कडेजवळ त्या रेषांमधील कोन हत्तीच्या दंतांत बहुधा ११५ अंशांहून मोठा असतो. नामशेष झालेल्या मॅमथच्या दंतांत ९० हून लहान. हाडांत जाळी नसते, काळपट बारीक ठिपके असतात. प्लॅस्टिकमध्यें दोन्ही नसतें. दंत वांकडा असतो म्हणून जुनी उंच मूर्ति किंचित् झुकलेली असते, आणि दंत अरुंद असतो म्हणून क्रुसावरील ख्रिस्ताचे हात निराळ्या तुकड्यांचे करून खांद्यांशीं जोडलेले असतात. चहाच्या पाण्यांत किंवा धुरांत ठेवून पिवळी केलेली मूर्ति सगळीकडे सारखी पिवळी होते. खरी जुनी मूर्ति उंचवट्यांवर उजळ व खांचांत गडद असते. तापलेल्या सुईनें टोंचून पाहाण्याची जी रीत कांहीं लोक सांगतात, ती कृपा करून कोणी करूं नये.

धातूंविषयीं थोडक्यांत. घंटेवरचीं अक्षरें उठावाचीं असलीं तर तीं ओततांनाच आलेलीं, म्हणून तोच तिचा जन्मशक; कोरलेलीं असलीं तर तीं नंतरचीं असूं शकतात. चषकाच्या आंत सोन्याचा मुलामा असतो. तो घांसून चकचकीत करण्याचा उत्साह साक्रिस्तान बंधूंनीं आवरावा. लाकडी मूर्तींवरील जुना सोन्याचा वर्ख खडूच्या पातळ लेपावर बसविलेला असतो. त्यावर बाजारी सोनेरी रंग दिला कीं तो दोन चार वर्षांत तपकिरी पडतो, मग आणखी एक हात द्यावा लागतो, आणि असे पांच सात हात बसल्यावर संतांच्या चेहऱ्याचीं नाकडोळे कोणीं कोरलें होतें हें कळेनासें होतें.

ज्युबिलीनिमित्त एखादा उदार धर्मग्रामस्थ "जुनी पोर्तुगीज खुर्ची वेदीसाठीं देतों" असें म्हणेल. त्याच्या औदार्याविषयीं आदर राखून आम्ही एवढेंच सुचवूं कीं, पैसे देण्यापूर्वीं विक्रेत्याकडून वस्तु कोठून व केव्हां आली हें लेखी घ्यावें. मुंबईच्या चोर बाजारांत किंवा कोचीनच्या मट्टानचेरींत जुन्या घाटाच्या नव्या वस्तू उघडपणेंहि विकल्या जातात. नवी म्हणून घेतलेली नवी खुर्ची फसवणूक नव्हे. पण विक्रेता "ही एका चर्चमधली आहे" असें अभिमानानें सांगूं लागला, तर ती कोणत्या चर्चमधली व कोणाच्या परवानगीनें बाहेर आली, असें विचारावें. दुसऱ्या धर्मग्रामाची चोरीला गेलेली वस्तु आपल्या वेदीवर ठेवण्याची वेळ कोणावर येऊं नये.

कारण विकण्याचा अधिकार धर्मगुरूंस नाहीं, कमिटीस नाहीं, आणि सगळ्या धर्मग्रामानें हात वर केले तरीहि नाहीं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनाविधीच्या संविधानांत चर्चमधील मौल्यवान सामान हातचें जाऊं नये म्हणून बिशपांस काळजी घेण्यास सांगितलें. वेद्या बदलण्याच्या धामधुमींत तें पुष्कळ ठिकाणीं विसरलें गेलें, म्हणून १९७१ सालीं रोमहून पुन्हा पत्र काढावें लागलें. १९८३ च्या धर्मविधिसंहितेच्या १२९२ व्या नियमाप्रमाणें कलेच्या वा इतिहासाच्या दृष्टीनें मौल्यवान, किंवा नवसानें वाहिलेली वस्तु परमगुरुपीठाच्या परवानगीवांचून देतां येत नाहीं; ११९० वा नियम लोकांच्या मोठ्या भक्तीच्या मूर्तींना तेंच संरक्षण देतो. सरकारी कायदाहि आहे. १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यानें शंभर वर्षांची वस्तु खाजगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहीं, आणि परवान्यावांचून तिचा व्यापार करतां येत नाहीं. हस्तिदंताचा व्यापार तर वन्यजीव कायद्याच्या १९९१ च्या दुरुस्तीपासून, दंत आफ्रिकेचा असला तरी, बंदच आहे; मूर्ति तीनशें वर्षांची असल्यानें तो मोकळा होत नाहीं.

डोळा तयार करण्यास चांगल्या वस्तू पाहाव्या लागतात. जुन्या गोव्यांत सांता मोनिकाच्या मठांत ख्रिस्ती कलेचें संग्रहालय आहे. तें १९९४ सालीं राशोलच्या सेमिनरींत सुरू झालें व २००२ सालीं मठांत आलें. मुंबई धर्मप्रांताचें संग्रहालय गोरेगांवच्या सेमिनरीच्या आवारांत आहे. गोव्याची यात्रा काढणाऱ्या आपल्या मंडळांनीं बासिलिकेहून समुद्राकडे धांवण्यापूर्वीं एक तास सांता मोनिकास द्यावा.

आणि घरचें काम येथेंच आहे. १२८३ वा नियम धर्मग्रामाच्या मालमत्तेची बिनचूक यादी मागतो. प्रत्येक वस्तूचें नांव, लांबी, रुंदी व उंची, लाकूड किंवा धातु, मोडतोड, अक्षरें व आंकडे जसेच्या तसे, आणि पुढून, मागून व तळाशीं असे तीन फोटो. ज्या वृद्धांस "हें अमक्यानें दिलें", "तें अमक्या सालच्या पुरांत भिजलें" असें आठवतें, त्यांचें म्हणणें त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावें, आणि 'फाब्रिके'च्या जुन्या हिशेबवह्यांत सुताराला दिलेल्या मजुरीची नोंद मिळते का तेंहि पाहावें. सुतारास बोलावून रंगाचे डबे उघडण्याच्या आधीं हें व्हावें. यादीची एक प्रत चर्चच्या दफ्तरांत व दुसरी बिशपांच्या कचेरींत राहावी.